नुसतं 'पाय दुखतात' म्हणू नका: शुगर, बीपी, थायरॉईडवाल्यांनी पायाचं दुखणं कोणत्या क्रमाने तपासायचं

नाशिकच्या सिडकोत माझं मेडिकल आहे. दिवसातून पाच-सहा वेळा तरी कुणीतरी काउंटरवर येतं आणि म्हणतं, "दादा, पायाची गोळी द्या." कुठं दुखतंय विचारलं की उत्तर ठरलेलं, "अहो पायच दुखतो." आपल्या मराठीत हीच गोची आहे, खुब्यापासून करंगळीच्या नखापर्यंत सगळा पायच. पोटरी, नडगी, घोटा, टाच, तळवा, चवडा असे एवढे छान शब्द आहेत आपल्याकडे पण डॉक्टरांच्या खुर्चीत बसलं की एकही आठवत नाही, आणि मग तिकडूनही पेनकिलर आणि कॅल्शियम लिहून मिळतं आणि महिन्याने माणूस परत माझ्याकडे.

बहुतेकांचा क्रम असा असतो: आधी गोळी, मग मालिश, मग गरम पाण्याचा शेक, मग कुणीतरी सांगितलेला एक्स-रे, आणि सगळं करून झाल्यावर शेवटी शुगर. हा क्रमच उलटा आहे. पायाचं दुखणं पुष्कळदा पायाचं नसतंच, ते रक्तातल्या साखरेचं असतं, रक्तवाहिनीचं, युरिक ॲसिडचं, किडनीचं, थायरॉईडचं किंवा कमरेच्या मणक्याचं असतं. खाली जे लिहितोय ते डॉक्टरांकडे जाण्याआधीची तयारी आहे, घरी बसून निदान करायला नाही. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही.

पायरी १: आधी हे बघा, यातलं काही असेल तर बाकीचं नंतर वाचा

- एक पाय अचानक गार पडला, पांढरट किंवा निळसर झाला आणि भयंकर दुखतोय. रक्तपुरवठा बंद पडला असू शकतो आणि इथे तासांचा हिशोब असतो. १०८ ला फोन करा किंवा सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा.
- एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते. शिरेत गुठळी असू शकते. ही पोटरी अजिबात चोळायची नाही. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर एक मिनिटही थांबू नका.
- शुगर आहे आणि पायाला जखम, फोड, काळा डाग, पू किंवा वास. दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा.
- शुगर आहे आणि एक पाऊल लालसर, गरम आणि सुजलेलं, पण त्या मानाने फारसं दुखत नाही. याला मुरगळलं समजून लोक चालत राहतात. शार्को फूट नावाचा प्रकार असू शकतो, त्यात बधिर पायाची हाडं आतल्या आत मोडून पावलाचा आकारच बिघडतो. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मलही येतो, म्हणून एक्स-रे चांगला आला की झालं असं नाही. त्या पायावर वजन टाकणं बंद करा आणि डॉक्टर गाठा.
- पाय दुखतोय आणि सोबत ताप, थंडी.
- दोन्ही पायांत अचानक अशक्तपणा, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखं वाटतंय.

थांबा: या यादीतलं काहीही असताना "आधी दोन दिवस गोळी घेऊन बघतो" हे करू नका. माझ्याकडे आलात तर मीही देणार नाही.

पायरी २: दुखण्याचा नकाशा काढा

एक कोरा कागद जमिनीवर ठेवा, त्यावर उभं राहून दोन्ही पावलांभोवती पेन फिरवून आकार काढा. लहानपणी काढायचो तसंच. उभं राहूनच काढायचा, बसून नाही, कारण वजन पडलं की पाऊल पसरतं, आणि हाच कागद पुढे चप्पल घेताना पण कामाला येतो. आता या आकारावर जिथं दुखतं तिथं खुणा करा, आणि खूण वेगवेगळी करा. आग होते तिथं रेघोट्या, मुंग्या येतात तिथं ठिपके, ठणकतं किंवा कळ येते तिथं फुली, आणि जिथं काही कळतच नाही, बधिर आहे, तिथं गोल.

हा गोल लोक विसरतात, कारण बधिर जागेबद्दल तक्रार कशी करणार, ती दुखत नाही ना! पण शुगरवाल्याच्या पायात सगळ्यात घातकी जागा तीच.

अंबडच्या कंपनीतले एक सुपरवायझर एकदा माझ्याकडे पट्टी घ्यायला आले, म्हणाले मोज्याला रक्त लागतंय, कुठून येतंय कळत नाही. मी म्हटलं चप्पल द्या इकडे. उलटी करून बघितली तर तळाला पितळेची टाचणी घुसलेली, बोर्डावर कागद लावायची असते ती, चपटं डोकं घासून घासून चकचकीत झालेलं, आणि आतून टोक थोडंसं वर आलेलं. किती दिवस चालत होते देव जाणे. त्यांना ती टोचलीच नव्हती. शुगर तपासली होती का विचारलं तर म्हणाले, "मला कुठं शुगर?" होती. चांगलीच होती.

पायरी ३: सात दिवसांची वही

डॉक्टरांकडे फार तर दहा मिनिटं मिळतात, त्यात "कधी कधी दुखतं, कधी कधी नाही" हे सांगण्यात पाच जातात. म्हणून एक आठवडा लिहा. फार नाही, रोज चार गोष्टी:

१. किती वाजता दुखलं.
२. नेमकं कुठं, आणि एका पायाला की दोन्ही.
३. तेव्हा काय चाललं होतं: झोपलेले, पहाटे उठलेले, चालताना, दिवसभर उभं राहून झाल्यावर.
४. कशाने कमी झालं.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कुणी सांगत नाही. थांबल्यावर कमी झालं, की पाय खाटेवरून खाली लोंबता सोडल्यावर, की उशीवर ठेवल्यावर, की गार फरशीवर टेकवल्यावर, की पुढे वाकल्यावर, यातल्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. पायरी ६ मध्ये सांगतो.

चालताना दुखत असेल तर अंतर मोजा. गोदापार्कवर फिरायला जात असाल तर किती मिनिटांनी पोटरी भरून आली आणि किती वेळ थांबल्यावर मोकळी झाली ते लिहा. "थोडं चाललं की दुखतं" यापेक्षा "सात मिनिटांनी थांबावं लागतं, तीन मिनिटांत बरं वाटतं" यावर डॉक्टर लगेच कान टवकारतात.

तपासून घ्या: या आठवड्यात शक्यतो रोज पेनकिलर घेऊ नका, नाहीतर वहीत दुखण्याऐवजी गोळीचाच परिणाम उतरेल. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली नेहमीची औषधं मात्र बंद करायची नाहीत. आणि दुखणं सहन होत नसेल तर आठवडा पुरा करत बसू नका.

पायरी ४: पाय उघडा करून बघा

हे काम संध्याकाळी चांगल्या उजेडात, जवळचा चष्मा लावून. तळवा स्वतःला दिसत नाही तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरातल्या कुणाला तरी मोबाईलवर फोटो काढायला सांगा. आई-वडलांचे पाय तुम्ही बघा, ते स्वतःहून दाखवणार नाहीत, "माझ्या पायाला कशाला हात लावतोस" म्हणतील, तरी बघा.

बोटांच्या बेचक्यांत बघा, तिथं ओल राहून कातडी पांढरी पडते आणि चिरते. टाचेच्या भेगा किती खोल आहेत, रक्त येतंय का. कुरूप आहे का, त्याच्याखाली काळपट दिसतंय का. नडगीवरचे केस गेलेत का, कातडी चकचकीत ताणल्यासारखी झाली का. दोन्ही पावलांना हाताची मागची बाजू लावा, एक दुसऱ्यापेक्षा गार किंवा गरम आहे का. नडगीच्या हाडावर अंगठ्याने काही सेकंद दाबून धरा आणि सोडा, खळगा पडून राहिला तर पाणी धरलंय. कुठं फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर संवेदना नसेल तर तेही लिहा, कुष्ठरोग अजून संपलेला नाही, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि लवकर सुरू केलं तर पाय वाचतो.

मग एक सोपी स्पर्शाची परीक्षा. ज्याचा पाय बघायचाय त्याला आडवं करून डोळे मिटायला सांगा. तुम्ही तर्जनीच्या टोकाने त्याच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, दोन्ही पायांना मिळून सहा जागी, एक-दोन सेकंद हलकाच स्पर्श करा. दाबायचं नाही, गुदगुल्या नाहीत, टोचायचं नाही. कळलं की त्याने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागा चुकल्या तर संवेदना कमी झाली असण्याची शक्यता बरीच, डॉक्टरांकडे नीट तपासणी हवीच.

नेहमीची चूक: "आता लावलं बघ हं" असं आधी सांगून स्पर्श करणं. मग सगळेच पास होतात.

पायरी ५: जुनी फाईल आणि गोळ्यांची पिशवी

ही पायरी माझ्या धंद्यातली, म्हणून जरा जास्त बोलतो. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा, आयुर्वेदिक, ताकदीच्या, केस गळतीच्या, सगळ्या. कारण कधी कधी पायाचं दुखणं किंवा सूज हीच गोळीची देणगी असते.

बीपीची अम्लोडिपिन घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या घोट्याला सूज येते, डोस वाढला की जास्त. किडनी गेली म्हणून घाबरून बसतात. पण तपासल्याशिवाय दोन्ही बाजूंनी काही ठरवू नका आणि गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टर डोस किंवा औषध बदलून देतात. लघवी वाढवणाऱ्या काही पाण्याच्या गोळ्या, बीपीच्या कॉम्बिनेशनमध्येही असतात त्या, युरिक ॲसिड वाढवतात. शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि बी-१२ कमी झालं की शुगरने नसा (मज्जातंतू) बिघडल्यावर येतात अगदी तशाच मुंग्या आणि आग. शाकाहारी घरांत तर हे आणखी बघायला हवं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने काहींचे स्नायू दुखतात, मांड्या-पोटऱ्या मुख्यतः.

आणि ती लेबल नसलेली पुडी. "वात जातो, तीन दिवसांत फरक" अशी कुणीतरी कुठूनतरी आणतं, खरोखर तीन दिवसांत फरक पडतो, कारण अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे. शुगर आणि बीपी दोन्ही चढतात. बरेच महिने घेतली असेल तर एकदम सोडणंही धोक्याचं, म्हणून लाजू नका, ती पुडी पिशवीत टाका आणि डॉक्टरांना दाखवा.

थांबा: बीपीची ठराविक प्रकारची गोळी, पाण्याची गोळी आणि वरून रोज पेनकिलर, या तिघी एकत्र आल्या की किडनीवर बसतात. वय झालेलं असेल, किडनी आधीच नाजूक असेल तर आणखी. "शेजारच्या काकूंना फरक पडला" म्हणून त्यांची गोळी मागायला येऊ नका. बीपी ताब्यात नसताना एटोरिकॉक्सिबसारखी पेनकिलर द्यायचीच नसते, हे काकूंना कुठून माहीत असणार.

पायरी ६: आता वही आणि नकाशा जुळवा

तळव्यांची आग, मुंग्या, दोन्ही पायांना, रात्री जास्त. बोटांच्या टोकापासून सुरू होऊन मोजा चढवल्यासारखं वर वर सरकतं. चादर नकोशी होते, लोक उठून गार फरशीवर चालतात आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं. हे नसांचं दुखणं. आपल्याकडे पहिला संशय शुगर, मग बी-१२, मग दारू, किडनी, थायरॉईड. शुगर बॉर्डरवर असतानाही हे सुरू होऊ शकतं, म्हणून "माझी तर थोडीच वाढलीय" म्हणून सोडू नका. अजून एक, काही वर्षं शुगर खूप चढलेली असते आणि मग माणूस एकदम मनावर घेऊन दोन-तीन महिन्यांत ती झपाट्याने खाली आणतो, तेव्हा काहींची आग उलट वाढते. गोळ्या लागू पडत नाहीत असं समजून औषध सोडणारे मी पाहिलेत. सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि आग होत होती ती आपोआप थांबली तर लगेच पेढे वाटू नका. पायरी ४ मधली स्पर्शाची परीक्षा परत करा. कधी कधी दुखणं जात नाही, नस जाते.

माझ्या आत्याचं तेच झालं. निफाडकडची आमची आत्या, तिकडे थंडीत पारा किती उतरतो ते दरवर्षी पेपरात येतंच. "पाय गार पडतात रे" म्हणाली म्हणून मीच दुकानातली गरम पाण्याची पिशवी नेऊन दिली. सकाळी गोधडी ओली का म्हणून बघितली तर टाचेला रुपयाएवढा फोड फुटलेला. पाय गार नव्हतेच, नसा तसं सांगत होत्या. ती टाच भरायला तीन महिने लागले, आणि पिशवी मी दिली होती, मी, ज्याला हे माहीत असायला हवं होतं.

चालताना पोटरी भरून येते, थांबलं की दोन-पाच मिनिटांत मोकळी. परत तेवढंच चाललं की परत. ही रक्तवाहिनी अरुंद झाल्याची खूण. बिडी-सिगारेट, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल ही मंडळी मागे असतात. पुढची पायरी म्हणजे रात्री झोपल्यावर पाऊल ठणकतं आणि खाटेवरून खाली सोडलं की बरं वाटतं, ही स्टेज आली तर आठवडाभर वही लिहीत बसू नका, लगेच दाखवा. नसांच्या आगीत आणि यात लोक घोळ करतात, दोन्ही रात्रीचेच. फरक असा की नसांच्या दुखण्यात पाऊल गरम आणि नाडी चांगली असू शकते, इथे पाऊल गार आणि फिकट. शुगरवाल्याला दोन्ही एकदम असू शकतं, आणि बधिरपणामुळे चालताना दुखतच नाही असंही होतं.

याच्यासारखंच दिसणारं पण वेगळं, कमरेच्या मणक्याचं. चालताना दोन्ही पाय जड होतात, पण नुसतं थांबून भागत नाही, बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. माझ्या काउंटरवर कोपरं टेकून वाकून उभे राहणारे आजोबा-आजी असतात ना, "असं उभं राहिलं की बरं वाटतं बाबा" म्हणणारे, त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न मणक्यात असतो.

मध्यरात्री अंगठ्याचा सांधा पेटतो. संध्याकाळी काही नव्हतं आणि पहाटेपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी लाल, सुजलेलं, चादर लागली तरी ओरडायला होतं. हा गाऊट, आयुर्वेदात वातरक्त म्हणतात. इथल्या दोन चुका रोज बघतो. पहिली, ऐन दुखण्यात युरिक ॲसिड तपासलं, नॉर्मल आलं आणि "गाऊट नाही" असं ठरवून टाकलं. अटॅकच्या वेळी ते नॉर्मल येऊ शकतं, दोनेक आठवड्यांनी परत बघावं लागतं. दुसरी चूक याच्या उलट, अंगात काही त्रास नाही, पॅकेज टेस्टमध्ये युरिक ॲसिड थोडं जास्त आलं आणि घरात डाळ, पालक, मटार सगळं बंद. भाज्या-डाळींचा दोष फार कमी असतो, मटण, कलेजी, बिअर, गोड कोल्ड्रिंक यांचा जास्त. आणि नाशिकची आहे म्हणून वाईनला सूट नाही. चालू असलेली ॲलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड कमी करणारी गोळी, अटॅक आला म्हणून मनाने बंद करू नका, उपचार सुरू असताना युरिक ॲसिडचा आकडा साधारण ६ च्या खाली ठेवायचा असतो आणि त्याला महिने लागतात.

सकाळी उठल्यावर दोन्ही चवडे आखडलेले, खडा टोचल्यासारखं. तासभर तरी मोकळं होत नाही, सोबत हातांची बोटंही सुजतात, मुठ वळत नाही. आमवात, म्हणजे रुमॅटॉइड, तपासायला हवा. झिजेच्या संधिवातात आखडणं अर्ध्या तासाच्या आत सुटतं आणि दुखणं वापराने वाढतं.

सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा. चार पावलं चाललं की कमी, दिवसाच्या शेवटी परत. हे टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेल्या तळव्याच्या पडद्याचं दुखणं, वजन वाढलेल्यांत आणि सातपूर-अंबडला कडक सेफ्टी शूज घालून पूर्ण शिफ्ट उभं राहणाऱ्यांत भरपूर. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तरी दुखणं त्यामुळेच असतं असं नाही. पण विशी-तिशीतला मुलगा, दोन्ही टाचा दुखतात आणि पहाटे कंबर आखडून जाग येते, तर तो वेगळा आजार असू शकतो, संधिवाताच्या डॉक्टरला दाखवा.

संध्याकाळी दोन्ही पाय जड आणि सुजलेले. फुगलेल्या निळ्या शिरा, किडनी, हृदय, थायरॉईड, किंवा वर सांगितलेली अम्लोडिपिन. सकाळी चेहराही सुजलेला असेल, लघवीला फेस येत असेल किंवा आडवं झालं की दम लागत असेल तर लवकर जा.

पायरी ७: तपासण्या, आणि त्यांचा क्रम

सत्तर टेस्टचं पॅकेज आधी करू नका. आधी डॉक्टर, मग तपासणी. तरी साधारण पहिल्या फेरीत हे येतं: उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लघवी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉईडसाठी), बी-१२, आणि लक्षणं तशी असतील तर युरिक ॲसिड. एचबीए१सी ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर.

तपासून घ्या, रक्त देण्याआधी:
- बी-१२ ची इंजेक्शनं किंवा गोळ्या आधीच सुरू केल्या असतील तर रिपोर्ट छान येतो आणि खरं कारण लपतं. आधी टेस्ट, मग इंजेक्शन.
- केसांच्या, नखांच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगा.
- आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवात झालाच असं नाही, आणि निगेटिव्ह म्हणजे नाहीच असंही नाही.

दवाखान्यात पायाची तपासणी म्हणजे नायलॉनच्या बारीक तारेने तळव्यावर स्पर्श, कंपन देणारा काटा, आणि पावलावरच्या नाड्या. रक्तपुरवठ्याचा संशय असेल तर घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी यांचं गुणोत्तर काढतात. ०.९ किंवा कमी आलं तर वाहिनी अरुंद. पण शुगर आणि किडनीवाल्यांच्या वाहिन्या कडक होऊन हे गुणोत्तर खोटं जास्त येऊ शकतं, १.४ च्या वर आलं तर खूश होऊ नका, पुढे डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) वगैरे लागतं.

एक्स-रे मार लागला असेल, एकाच जागी हाडावर दुखत असेल किंवा डॉक्टर म्हणतील तेव्हा. स्वतः जाऊन काढू नका.

पायरी ८: कुणाकडे जायचं

आधी फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन, थेट हाडाच्या डॉक्टरकडे नाही. आपल्याकडे पाय म्हटलं की हाडवाला हे पक्कं बसलंय. चालताना पोटरी भरत असेल तर व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन, सकाळचं आखडणं असेल तर रुमॅटॉलॉजिस्ट, बधिरपणा झपाट्याने वाढत असेल तर न्यूरॉलॉजिस्ट, ते फिजिशियन सांगतील. खर्चाचं ओझं असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्यांची शुगर-बीपी मोफत तपासतात, त्र्यंबक रोडला सिव्हिल आहेच.

आत गेल्यावर सांगितलं नाही तरी बूट-मोजे काढा. नकाशा, वही, पिशवी टेबलावर ठेवा. शुगरवाल्यांनी पाय दुखत नसले तरी वर्षातून एकदा तपासून घ्यायचेच.

पायरी ९: अपॉइंटमेंट मिळेपर्यंत घरी

पाय कोमट पाण्याने धुवा, पाणी कोपराने बघा, पायाने नाही. बेचकं कोरडं करा. टाचेला व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा, बेचक्यात लावू नका. नखं सरळ कापा, कोपरे खोदू नका. कुरुपावर ब्लेड नको आणि मेडिकलमधली कॉर्न कॅप शुगरवाल्याला नको, त्यातलं ॲसिड चांगली कातडीही खातं. टाचेसाठी गार बाटली तळव्याखाली फिरवतात ती संवेदना चांगली असणाऱ्यांनीच फिरवावी.

चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. पायरी २ चा कागद मेनरोडला घेऊन जा, चप्पल त्यावर ठेवा, आकार बाहेर डोकावत असेल तर ती चप्पल तुमची नाही, दुकानदार "घालून घालून सैल होईल" म्हणाला तरी. बुटात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी आणि वणीला पायी जाणं, यावर दरवर्षी घरात वाद होतो. संवेदना गेलेल्या पायाने अनवाणी जाऊ नका, बस्स. मऊ मोजे, घट्ट न होणारे बूट, दर तासाला थांबून पाय बघणं, इतकं तरी करा. आणि रामकुंडावर उन्हाळ्यात दगड किती तापतो ते ज्याला कळत नाही त्याने तर चप्पल काढूच नये, पायरीच्या कडेपर्यंत घालून जा.

पायरी १०: औषध सुरू झाल्यावर

नसांच्या आगीच्या गोळ्या, प्रेगाबालिन, गॅबापेंटिन वगैरे, त्यांना परिणाम दाखवायला आठवडे लागतात आणि सुरुवातीला गुंगी येते. दोन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका, आणि गुंगी असेपर्यंत मुंबई-आग्रा हायवेला गाडी घालू नका. त्या एकदम सोडायच्याही नसतात. किडनी नाजूक असेल तर डोस वेगळा लागतो, क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवायला विसरू नका.

वही चालूच ठेवा, रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा. दुखणं कमी झालं तर कुठून कमी झालं, बधिर गोल तेवढाच आहे की वर सरकला, चालण्याची मिनिटं सातची दहा झाली का. पुढच्या व्हिजिटला ती वही आणि रोज घालता ती चप्पल दोन्ही घेऊन जा, नवी ठेवणीतली नाही, रोजची. आणि घरातून निघायच्या आधी ती उलटी करून तळ बघा, आत हात घालून चाचपा.